डिंपलच्या हातचा घास

सोनगीर
५ जून २०२५

चि. डिंपल हिस सुकदेव मामाचे आशीर्वाद.

तांबू नीट पोचला असेल. लोटनच्या पिकअपमध्ये कांद्याच्या गोण्यांवर बसवून दिला होता, तेव्हा अंगाला वास येत असेल तर एकदा आंघोळ घाल. नाव तांबू का, असं तुझ्या वडिलांनी विचारलं म्हणे. इथल्या तांबटांच्या दुकानामागे सापडला आणि रंगही तसाच, म्हणून तांबू. जास्त डोकं चालवलं नाही.

पत्र लिहितोय, कारण फोनवर तू काय बोलतेस ते मला कळत नाही. पोलिसांच्या श्वानपथकात सगळी नोकरी भुंकणं ऐकण्यात गेली आणि कान तिथेच राहिले. तुझा फोन तर तुझ्या डॉक्टर मॅडमनी काढून घेतलाय, त्यात तू दिवसभर वाळक्या पोरी बघत बसतेस म्हणून. तुझ्या आईने, दिपमालाने, सगळं सांगितलं. तुझं जेवण सुटलं, मग चक्कर येऊन पडलीस, मग कॉलेज सुटलं. आजाराचं नावही सांगितलं, ते माझ्या तोंडात बसत नाही. वजन आणखी उतरलं तर तुला दवाखान्यात ठेवावं लागेल, हे मात्र नीट कळलं.

आता कामाचं. परदेशात अशा आजाराच्या माणसांना शिकवलेले कुत्रे देतात, त्याचे कागद मॅडमनी पाठवले होते. मी आजवर चोर आणि दारू शोधणारे कुत्रे तयार केले. हे काम नवीन होतं, पण कुत्रा तोच आणि मीही तोच. तू ताटावर बसलीस की तांबू डाव्या बाजूला बसेल आणि तू उठेपर्यंत हलणार नाही. तुझे पाय थरथरायला लागले की मांडीवर डोकं ठेवेल. जेवण झाल्यावर तुला लगेच उठू देणार नाही. आणि तू गच्चीच्या जिन्यात वरखाली, वरखाली करतेस ना, तिथे आडवा झोपेल. ओलांडून जायचं नाही.

एक नियम पक्का. त्याला खायला तूच घालायचं. आईच्या, वडिलांच्या, पाहुण्याच्या हातचं तो घेणार नाही, मी तसा शिकवलाय. ज्याच्या हातचं खातो, त्याचंच ऐकतो. भाकरी, दूध, उकडलेला भात. तेल-तूप नाही.

मॅडम म्हणाल्या, कुत्रा औषधाच्या जोडीला आहे, जागी नाही. तेव्हा गोळ्या चुकवू नकोस.

तुझा,
सुकदेव मामा


जळगाव
१७ जून २०२५

ती. मामांना डिंपलचा नमस्कार.

तांबू पोचला. कांद्याचा वास अजून जात नाही. बाबा डाळ मिलमधून आले की तो आधी त्यांचे पाय हुंगतो आणि शिंकतो, त्यामुळे बाबांना वाटतं तो त्यांचा अपमान करतो.

तुम्ही म्हणालात तसंच तो करतो. जेवताना डाव्या बाजूला बसतो. आधी मला राग यायचा. आई समोर बसून माझा घास मोजते, बाबा पेपरच्या आडून बघतात, त्यात आता हा. पण आई-बाबांच्या बघण्यात आणि याच्या बघण्यात फरक आहे. याला मी जेवले काय, न जेवले काय, काही वाटत नाही. तो नुसता असतो. मामा, मला वर्षभरात असं कुणी भेटलं नव्हतं.

जिन्यात तो आडवा झोपतो. काल मी त्याला ओलांडलं. तो उठला, वरच्या पायरीवर जाऊन पुन्हा झोपला. पुन्हा ओलांडलं, पुन्हा तेच. शेवटी मी खाली बसले आणि मला हसू आलं. आई स्वयंपाकघरातून धावत आली, काय झालं म्हणून. हसले तर घाबरते आता ती.

परवा मी ताट पूर्ण रिकामं केलं. आईने देवापुढे साखर ठेवली. आईने त्याला पोळी देऊन पाहिली तर त्याने तोंड फिरवलं, माझ्या हातची लगेच घेतली. तुमचा नियम पक्का आहे.

तांबूचा फोटो सोबत पाठवते. बाबांनी काढून आणला.

तुमची,
डिंपल


सोनगीर
२ जुलै २०२५

चि. डिंपल हिस आशीर्वाद.

फोटो पाहिला. शेजारच्या सुंदरबाईंना दाखवला तर त्या म्हणाल्या, "भाऊ, हाई कुत्रं शे का वासरू शे?" जळगावचं पाणी त्याला मानवलेलं दिसतं. माझ्याकडे होता तेव्हा बरगड्या दिसायच्या आणि गावातले लोक मला म्हणायचे, हवालदार, कुत्र्याला पगार देत नाही का. कुत्र्याच्या अंगी खाल्लेलं लागलं म्हणजे घरात मन रमलं, असा आमच्या पथकातला हिशोब होता. तुझी आई फोनवर रडली. ताट रिकामं होतं, एवढंच ऐकू आलं. बाकीचं नाही ऐकलं तरी चालेल.

मी डॉक्टर नाही, तेव्हा तुला शहाणपणा शिकवत नाही. पण तू हसलीस, हे वाचून मला बरं वाटलं. पत्र खिशात घालून चौकात गेलो आणि ज्यांना गरज नव्हती त्यांनाही वाचून दाखवलं.

भाकरी थोडी कमी कर त्याची. फार जाड झाला तर जिन्यात अडकेल.

मला इथे करमत नाही असं दिपमाला तुला सांगेल. तसं काही नाही. घर मोठं वाटतं इतकंच.

तुझा,
मामा


जळगाव
१४ जुलै २०२५

ती. मामांना नमस्कार.

तांबूची भाकरी कमी केली आहे. आम्ही दोघं छान आहोत.

वजन अजून वाढलं नाही. मॅडम म्हणाल्या, ताट संपतंय तरी वाढत नाही म्हणजे दुसरं काही पाहायला हवं. रक्त तपासलं आणि एक गोळी बदलली. नव्या गोळीने झोप फार येते. आई म्हणते, वेळ लागतो.

तीन ऑगस्टला आमच्याकडे कानबाई बसणार आहे. देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी आईने गहू निवडायला घेतलेत. तुम्ही येता का?

डिंपल


सोनगीर
२२ जुलै २०२५

चि. डिंपल,

कानबाई आमच्या घरीही आहे, येता येणार नाही. तुझ्या आईकडचे रोट खायला मी चालतही नाही. ती तुमच्या घरची देवी, तिचे रोट तुमच्याच घरच्यांनी खायचे आणि संपवायचे. दिपमालाच्या हातचे रोट तुपात भिजलेले असतात, तेव्हा जरा जपून. बाकी तू खातेस म्हणतेस तर मजेत खा.

गोळी का बदलली ते मला समजलं नाही. समजावून लिही.

मामा


जळगाव
१२ ऑगस्ट २०२५

मामा,

गोळी का बदलली ते समजावून लिहिते. पण आधी तांबूचं सांगते. तो वाचला आहे. हे पहिल्यांदा लिहिते, म्हणजे तुम्ही पुढचं नीट वाचाल.

कानबाईचं विसर्जन झालं त्यानंतर तांबू जागचा हलेना. पाठ वाकवून उभा राहायचा, पोटाला हात लावला की कण्हायचा, पाणीसुद्धा ठरत नव्हतं. बाबांनी रिक्षा आणली आणि आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, काय खातो हा? आईने सांगितलं, भाकरी, दूध, भात, तेलातुपाचा थेंब नाही आणि परक्या हातचं तर शिवतही नाही. ती हे अभिमानाने सांगत होती. डॉक्टर म्हणाले, मग कुणी विष घातलं असेल, तसं धरून औषध सुरू करतो. नीट आठवून सांगा, कारण विषाचं औषध वेगळं आणि खाण्यातून बाधलं असेल तर वेगळं. चुकलं तर हा हातचा जाईल.

तांबू टेबलावर पडला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. नेहमीसारखंच पाहिलं, तक्रार काही नव्हती.

मी म्हटलं, "त्याने रोट खाल्लेत."

"किती?"

"माझ्या वाट्याचे. सगळे."

डॉक्टरांनी विचारलं, त्याआधी असं काही खायचा का? मी म्हटलं, रोज. भाजी, वरण, बट्टी, तुपाची पोळी, जे माझ्या ताटात असेल ते. तो आल्यावर काही दिवसांतच सुरू झालं. तो डावीकडे बसायचा, माझा डावा हात मोकळा असायचा. कुणाच्या हातचं घेत नाही म्हणून आईला कधी संशय आला नाही. डॉक्टरांनी ऐकलं, मान हलवली आणि सलाइनमध्ये काय घालायचं ते नर्सला सांगितलं. तुपा-तेलाने पोटाच्या आतल्या ग्रंथीला सूज आली होती. ते कुत्र्याशी बोलायला लागले. आई माझ्याकडे बघत होती.

मला वाटलं होतं ती रोटांवरून बोलेल. देवीचे रोट कुत्र्याला घातले म्हणून. ती रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, "मंग तू काय खाये, माय?" सोनगीरसारखं बोलली. घरी ती तसं कधी बोलत नाही.

मामा, मी तुम्हाला खोटं लिहिलं. ताट रिकामं व्हायचं ते खरं होतं, पुढचं लिहिलं नाही. मॅडमना कळत नव्हतं म्हणून त्या गोळ्या बदलत होत्या. तुम्ही चौकात पत्र वाचून दाखवलंत ते कळल्यावर मला खूप लाज वाटली होती, तरी त्या रात्रीही मी अर्धी पोळी त्याला दिली. मला तांबू आवडतो. मला वाटायचं, मी त्याचे लाड करते.

उद्या मला दवाखान्यात भरती करणार आहेत. तांबूला तुम्ही घेऊन जा. इथे तो माझ्या हातचंच खातो.

डिंपल


सोनगीर
२५ ऑगस्ट २०२५

चि. डिंपल हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी निघालो. पोचलो तेव्हा तू दवाखान्यात होतीस आणि भेटायची वेळ संपली होती. तिथल्या बाईंशी भांडलो, पण त्या काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, त्यामुळे भांडण नीट रंगलं नाही. तांबूला घेऊन आलो. माझ्या हातचं खातो. पातळ भात आणि उकडलेल्या कोंबडीचं पाणी, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. उठून चालतो आता.

तू खोटं बोललीस, याचा मला राग आला. पारोळ्यापर्यंत राग होता. पुढे एरंडोलच्या स्टँडवर चहा प्यायलो आणि माझ्याच डोक्यात प्रकाश पडला.

पथकात आमचा नियम असतो की कुत्र्याने आपल्या हँडलरशिवाय कुणाच्या हातचं खायचं नाही. का, तर चोर मटणात विष घालतो म्हणून. नोकरीभर हा नियम पाळला, तो हाडात मुरला. तुझ्या घरी कुठे चोर होता? मी विचार न करता तोच नियम तुझ्याकडे पाठवून दिला. जिला ताटातलं कुठे तरी घालवायचं आहे, तिच्या डाव्या हाताशी मी असा कुत्रा बसवला जो फक्त तिच्याच हातचं खातो. मॅडमनी मला विचारलं होतं, जेवताना कुत्रा काय करेल. मी म्हटलं, शिस्तीत बसेल. बसलाच की शिस्तीत.

तेव्हा चूक तुझी एकटीची नाही. मॅडम म्हणाल्या की हा आजारच माणसाला लबाडी शिकवतो. आजार कुठे संपतो आणि पोरगी कुठे सुरू होते ते मला कळत नाही. दिपमालाला कळतं असं ती म्हणते. आई आहे, असेल.

खरं सांगतो, तांबूला परत पाठवू नये असं मनात आलं होतं. पण दिपमाला म्हणाली, विष नाही, रोट आहेत, हे तू त्याच्यासाठी बोललीस. आमच्या कुणासाठी बोलली नसतीस. म्हणून तो तुझ्याकडे येईल. फक्त त्याआधी त्याला एक गोष्ट शिकवायची आहे. तुझ्या हातचं काहीही घ्यायचं नाही. त्यासाठी तुझा न धुतलेला कुर्ता आणि ओढणी आईकडे दे. वासाशिवाय कुत्र्याला शिकवता येत नाही.

मामा


जळगाव, दवाखाना
९ सप्टेंबर २०२५

मामा,

कुर्ता देणार नाही.

इथे दिवसभर माझ्या ताटाकडे नर्स बघते. ताट संपेपर्यंत उठता येत नाही. मी जेवते, कारण दुसरा उपाय नाही, आणि जेवल्यावर रडते. मॅडम म्हणतात रडलं तरी चालेल. मला घरी जायचंय, ते तांबू आहे म्हणून. आता तुम्ही त्याला शिकवणार की डिंपलचा हात आला की तोंड फिरव. मग त्याच्यात आणि नर्समध्ये काय फरक राहिला? तो एकटाच होता ज्याला मी जेवले काय, न जेवले काय, सारखं होतं.

माझ्या हाताचा त्याला किळस यायला लावायचा असेल तर त्याला तुमच्याकडेच ठेवा.

डिंपल


सोनगीर
१८ सप्टेंबर २०२५

चि. डिंपल,

बरं. इथेच ठेवतो.

पण एक चूक तुझी दुरुस्त करतो, कारण कुत्र्यांबद्दल मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. तू जेवलीस काय, न जेवलीस काय, त्याला सारखं नव्हतं. तू जेवली नाहीस तर त्याला बट्टी मिळायची. त्याचा फायदा होता. घरातला तो एकच जीव होता ज्याला तू उपाशी राहिलेली परवडत होती. त्याला बिचाऱ्याला ते माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.

किळस कुणी शिकवत नाही. मी कुत्र्याला मारून काही शिकवलेलं नाही, पथकातही नाही. तो तुझा हात चाटेल, त्यावर डोकं ठेवेल. फक्त त्यातलं खाणार नाही.

लिहिताना हात कडक झाला माझा. तुझी मला भीती वाटते, डिंपल. म्हणजे तुझं काही होईल याची.

मामा


जळगाव, दवाखाना
१ ऑक्टोबर २०२५

मामा,

आईबरोबर कुर्ता आणि ओढणी पाठवली आहे. पिशवीची गाठ घट्ट बांधली आहे, वास जाऊ नये म्हणून.

डिंपल


सोनगीर
६ नोव्हेंबर २०२५

चि. डिंपल हिस आशीर्वाद.

तू घरी आलीस हे कळलं. काम झालंय, लोटनच्या गाडीने तांबूला पाठवतोय.

शिकवलं कसं ते ऐक. तुझी ओढणी घालून घास पुढे करायला मला बाईमाणूस हवं होतं, माझ्या हाताने त्याचा गोंधळ झाला असता. सुंदरबाईंना विचारलं. त्यांनी लुगड्यावर तुझा गुलाबी कुर्ता चढवला, वर ओढणी घेतली आणि बट्टी हातात घेऊन ओट्यावर बसल्या. अर्धा गाव बघायला आला. तांबू बिचारा धावत गेला, ओढणी हुंगली आणि तूच आलीस समजून शेपटी हलवत बसला. त्याने बट्टीला तोंड लावलं की सुंदरबाई मूठ मिटायच्या, तोंड फिरवलं की मी माझ्याकडचं बक्षीस द्यायचो. सुंदरबाई म्हणायच्या, "भाऊ, कुत्राले दावी दावीसन नही देवानं, हाई पाप मना माथे नको." मी म्हटलं, दाखवून न देण्याचं पाप माझ्या नावावर लिहा. मलाही बघवत नव्हतं. दर वेळी तो आधी ओढणीकडे बघायचा आणि मग माझ्याकडे, काय चुकलं म्हणून.

आता शिकला. दिपमाला कुर्ता घेऊन आली तेव्हा तिच्या हातचं खायलाही त्याला लावलं. त्याला जेवायला दिपमाला घालेल, तेही तुमचं सगळ्यांचं जेवण झाल्यावर. मॅडमना या वेळी सगळं सविस्तर लिहून कळवलंय, त्यांनी पुढचं विचारायची वाट पाहिली नाही.

तो घरात नको वाटला तर परत पाठव. मी रागावणार नाही. घर मोठंच आहे.

तुझा,
मामा


जळगाव
२३ नोव्हेंबर २०२५

ती. मामांना नमस्कार.

तांबू आला. दारातच माझ्या अंगावर पाय ठेवून उभा राहिला. या वेळी मेथीचा वास होता.

पहिल्या दिवशी आईने वरण-बट्टी केली. मॅडमनी सांगितलंय की नेहमीचं जेवण नेहमीसारखंच करायचं. तो डावीकडे येऊन बसला. मी ठरवलं होतं, त्याच्यासमोर हात न्यायचाच नाही. उजव्या हाताने खायला सुरुवात केली. नंतर पाय थरथरायला लागले, त्याने मांडीवर डोकं ठेवलं, आणि माझा डावा हात बट्टीचा तुकडा घेऊन खाली गेला. मी मुद्दाम केलं नाही. केलं असेन तरी मला कळलं नाही.

त्याने हुंगलं. मग तोंड फिरवलं आणि डोकं पुन्हा मांडीवर ठेवलं, होतं तिथेच. मामा, मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की ढकलून द्यावंसं वाटलं. आईला सगळं दिसलं होतं. ती वरणात लिंबू पिळत राहिली. बाबांनी पेपर उलटा धरला होता, ते त्यांना नंतर कळलं.

तुकडा हातात होता. तूप बोटांवर थिजायला लागलं होतं. तांबूचं डोकं जड होतं आणि उठता येत नव्हतं. बराच वेळ तशीच बसले. मग तो खाल्ला. चव लागली नाही, उगाच लागली म्हणून लिहीत नाही. नंतर रडले. रात्री आईने त्याला भात घातला तेव्हा मी मागे उभी राहून बघितलं, तो आईच्या हातचं खातो का. खाल्लं.

दुसऱ्या दिवशी पोळीच्या वेळी पुन्हा तसंच झालं. त्यानंतर एकदा मी अर्धं ताट टाकून उठले, आणि मॅडमना जाऊन ते सांगितलं. त्या म्हणाल्या, सांगितलंस हे बरं केलंस. वजन थोडं वाढलंय, किती ते मी विचारत नाही.

तुमच्या घरात त्याच्या जागी दुसरा कुणी आणा. तांबटांच्या दुकानामागे बघा. आणलात तर त्याला सगळ्यांच्या हातचं खाऊ द्या.

हा मात्र आता मी ठेवून घेते. त्याचा तसा काही उपयोग नाही. शेजारी बसतो, डोकं ठेवतो, उठू देत नाही. पण ताटातलं संपवायला आता या घरात मला मदत करणारं कुणी उरलेलं नाही.

तुमची,
डिंपल